उबाळ्यांचं गाळण

भानुदास उबाळे मंगळवारी दुपारी नळाच्या तोट्यांना निकेल चढवताना धुण्याच्या टाकीत विरघळले. कारखान्याने टाकीतलं पाणी नियमाप्रमाणे आमच्या जलप्रक्रिया केंद्राकडे पाठवलं. शुक्रवारी त्यांच्या पत्नी सिंधूताई आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्या ह्यांना तेवढं गाळून द्या."

आमच्याकडे शिसं येतं, क्रोमियम येतं, नवरे क्वचितच. तरी मी पद्धत समजावली. पाण्यात साबणाच्या जातीचं रसायन घालायचं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे गोळे होतात आणि धातू त्यांना चिकटतो. मग पाणी पडद्यातून दाबायचं. पडद्याची छिद्रं गोळ्यांहून बारीक, म्हणून धातू अलीकडे अडकतो आणि पाणी पलीकडे जातं.

"मग हे कुठल्या बाजूला येतील?"

अर्जात तसा रकाना नव्हता. "साबणाला चिकटले तर अलीकडे."

"ते कसले चिकटतायत! साबण म्हटलं की पळायचे. रविवारीसुद्धा दोन तांबे ओतले की कारखान्यात."

मी पंप सुरू केला. सिंधूताई पदर खोचून नळीपाशी उभ्या राहिल्या, दोन तास हलल्या नाहीत. मला कामावर सहसा गलबलून येत नाही. त्या दिवशी आलं.

अलीकडे हिरवट, फेसाळ पाणी साचलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "हा कारखाना. सव्वीस वर्षं ह्यालाच जेवायला वाढलं मी." मग पलीकडच्या स्वच्छ पाण्यात बोटं बुडवली आणि बराच वेळ काढली नाहीत.

"हे इथं आहेत," त्या म्हणाल्या. "एका कॅनमध्ये किती येतील?"

"विरघळलेलं सगळीकडे सारखं असतं, ताई. टाकी नऊशे लिटरची. थोडेच येतील."

"घरी तेवढेच यायचे. भरा."

नमुन्यात निकेल शून्य निघालं. मी उबाळ्यांना बाहेर सोडण्याच्या दाखल्यावर सही केली आणि कॅन उचलून साडेचारच्या बसपर्यंत पोचवला.

"सामान मागं टाका," कंडक्टर म्हणाला.

"माणूस आहे," मी म्हणालो.

"मग बसवा की."

सिंधूताईंनी कॅन खिडकीशी ठेवला, झाकण जरा सैल केलं आणि काच सरकवली.

"बघा हो," त्या कॅनला म्हणाल्या, "अजून ऊन आहे. तुम्ही आपली गल्ली उन्हात पाहिलीच नाही कधी."