नोरीनच्या नावाचं पिस्तूल

मंगळवारी सकाळी व्हर्जिल हॉलकोमने आपलं तीस वर्षांचं जुनं पिस्तूल तेल द्यायला कपाटातून काढलं आणि त्याची स्लाइड काही मागे येईना. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग. तो मागे खेचून सोडला की गोळी आत बसते. पिस्तूल रिकामं होतं, स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा व्हर्जिलने लाज गुंडाळून ठेवून सगळे उपाय करून पाहिले. गुडघ्यांत धरून ओढलं. भांडी पुसायचं फडकं गुंडाळून ओढलं. शेवटी टेबलाच्या कडेला अडकवून रेटलं, तर टेबलच मागे सरकलं.

"स्प्रिंग अडकतेय," तो पिस्तुलाला म्हणाला.

आपल्या हातांबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कालच जेवताना त्याने काकडीच्या लोणच्याची बरणी एका झटक्यात उघडली होती आणि त्याच्या बायकोने, नोरीनने, "वा!" म्हटलं होतं. पण स्प्रिंगचा दोष असो नाहीतर कुणाचा, शनिवारी आमच्या हिकरी बेंडच्या अग्निशमन दलाची वार्षिक चांदमारी होती. नवरा-बायकोने जोडीने नेम धरायचा आणि जिंकणाऱ्या जोडीने अख्खं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, घरी न्यायचं. व्हर्जिल म्हणजे गावातला बंदुकांचा जाणकार. कोणतं पिस्तूल घ्यावं हे विचारायला लोक डोनटच्या दुकानात त्याच्याकडे येत आणि न विचारता सांगायला तो लोकांकडे जाई. त्याने स्वतः शेवटची गोळी गेल्या चांदमारीला झाडली होती, आणि त्याआधीची त्याच्या आदल्या चांदमारीला, हे मात्र कुणी विचारत नसे. आता चारचौघांत स्लाइड मागे येत नाही म्हणजे ओक्लाहोमा सोडून जायचीच वेळ.

म्हणून तो रॉय-डीनच्या बंदुकांच्या दुकानात गेला. रॉय-डीन त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पण दुर्दैवाने काउंटरला टेकून हर्शेल पिट्स उभा होता. हर्शेलच्या कानावर गेलेली गोष्ट दुपारपर्यंत त्याच्या बायकोच्या, क्लोडीनच्या कानावर जाते आणि मग ती सगळ्या गावाची होते.

"एक चालवायला सोपं पिस्तूल दाखव," व्हर्जिल म्हणाला. मग हर्शेलकडे बघून घाईघाईने म्हणाला, "माझ्यासाठी नाही रे. नोरीनसाठी. ती वर्षातून एकदा हातात धरणार, सराव शून्य. आणि हल्ली हातांत जोर राहिला नाही बिचारीच्या."

"अरेरे! नोरीनच्या हातांत?" हर्शेल हळहळला. "मग ते छोटं घे. जांभळ्या मुठीचं. बाईमाणसाला छोटंच बरं. मी क्लोडीनला तेच घेतलंय."

"छोटं घेऊ नकोस," रॉय-डीन म्हणाला. "छोटं जितकं हलकं तितका हाताला धक्का जास्त. सगळे नवरे हीच चूक करतात."

हे व्हर्जिलला ठाऊक होतं. डोनटच्या दुकानात त्याने हेच शंभर वेळा सांगितलं होतं. पण जांभळं पिस्तूल पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं, त्याला स्लाइडच नव्हती, आणि व्हर्जिलचा जीव त्यात अडकला. दुकानामागच्या मैदानात त्याने एक गोळी झाडली. टोपी मागे पडली, हात खांद्यापर्यंत झिणझिणला आणि गोळी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही.

"नोरीनला झेपायचं नाही हे," हातावर फुंकर मारत तो म्हणाला.

दुसरं रिव्हॉल्व्हर चांगलं जड होतं, पण त्याचा चाप इतका घट्ट की व्हर्जिलला दोन बोटं लावावी लागली. तो चाप ओढत असताना हर्शेलने एक लांबलचक किस्सा सांगून संपवला.

"नोरीनलाच घेऊन ये ना," रॉय-डीन म्हणाला. "दुसऱ्याच्या मापाने कुणी बूट घेतं का? तिचा पंजा केवढा आहे?"

"माझ्याएवढाच."

रॉय-डीनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. नोरीनचे हातमोजे लहान मुलींच्या खणात मिळतात, हे त्याला माहीत होतं. पण दुकानदार होता तो. त्याने खालच्या फळीवरून एक पूर्ण आकाराचं, बारीक गोळीचं पिस्तूल काढलं. अंगाने भारी, म्हणून धक्का नाही. चाप मऊ. आणि स्लाइड अशी की दोन बोटांनी मागे यावी. व्हर्जिलने ती ओढली. आली! पुन्हा ओढली. पुन्हा आली. सात वेळा ओढल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

"नोरीन खूश होईल," रॉय-डीन म्हणाला.

बुधवारी दुपारी नोरीनच्या दारात पहिलं कॅसरोल आलं. कोंबडी, नूडल्स आणि वरून बिस्किटांचा चुरा, सगळं एका भांड्यात भट्टीत भाजलेलं. संध्याकाळपर्यंत चार झाली. आमच्याकडे चार कॅसरोल म्हणजे घरात कुणीतरी गेलेलं असतं.

"व्हर्जिल, तू ठीक आहेस ना रे?" नोरीनने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"मग मी गेलेय वाटतं. दारात जी येते ती माझा हात हातात घेऊन थोपटते. एकीने तर मला माझ्याच घराचं दार उघडून दिलं."

बुधवारच्या प्रार्थनासभेत तिच्या हातांचं नाव यादीत पहिलं होतं, एका माणसाच्या हृदयाच्या ऑपरेशनच्याही वर. आणि गुरुवारी आमचे पाद्री, ब्रदर लायल, स्वतः घरी आले. तिशीतला गुणी माणूस, पण कळवळा आला की आवरत नाही.

"भगिनी नोरीन, तुम्ही एकतीस वर्षं ऑर्गन वाजवलात," ते म्हणाले. "आता विश्रांती घ्या. या रविवारपासून भगिनी क्लोडीन वाजवतील."

"माझे हात ठणठणीत आहेत."

"असंच म्हणतात सगळे," ब्रदर लायल गहिवरून म्हणाले आणि त्यांनीही हात थोपटला.

"पण हे सांगितलं कुणी तुम्हाला?"

"सगळं गाव सांगतंय."

नोरीनने व्हर्जिलकडे पाहिलं. व्हर्जिलने कॅसरोलकडे पाहिलं.

क्लोडीन पिट्स ऑर्गनच्या त्या स्टुलावर वीस वर्षं डोळा ठेवून होती. ती लग्नाचं गाणं वाजवायला लागली तरी लोक रुमाल काढतात. पण नोरीन भांडली नाही. जेवण झाल्यावर ती टेबलाशी बसून राहिली आणि तिची बोटं टेबलक्लॉथवर आपोआप रविवारचं भजन वाजवत होती, आवाजाविना, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत. व्हर्जिल सिंकपाशी उभा राहून बघत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने न सांगता सगळी भांडी घासली.

खरं सांगून टाकायचं सोडून शुक्रवारी त्याने आणखी एक शहाणपणा केला. तो चर्चमध्ये गेला आणि म्हणाला, "ब्रदर लायल, नोरीनचे हात बरे झाले."

"बरे झाले?"

"एकदम. काही म्हणजे काही नाही आता."

ब्रदर लायल खुर्चीतून उठले. त्यांचे डोळे भरून आले. "बुधवारी प्रार्थना आणि शुक्रवारी गुण! व्हर्जिल, हा चमत्कार आहे! उद्या चांदमारीला सगळं गाव असेल. तिथेच भगिनी नोरीनना साक्ष द्यायला उभं करू."

"चमत्कार वगैरे नाही हो, आपलं साधंच…"

"तुमची नम्रता!" म्हणत ब्रदर लायल टेलिफोनकडे धावले सुद्धा.

शनिवारी अग्निशमन दलाच्या मैदानात मक्याची कणसं भाजत होती, सोड्याच्या बाटल्या बर्फात बुडल्या होत्या आणि हॅम एका टेबलावर नवरदेवासारखं सजून बसलं होतं. ब्रदर लायल बंबाच्या पायरीवर चढले आणि त्यांनी चमत्कार जाहीर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लोडीनने वाजवल्या नाहीत.

"इतक्या लवकर?" ती म्हणाली. "मग हे नवं सोपं पिस्तूल कशाला घेतलंय तिच्यासाठी? मी म्हणते, घाई नको. ऑर्गनवर जोर लागतो. मी वाजवीन की नाताळपर्यंत."

"बोला, भगिनी नोरीन," ब्रदर लायल म्हणाले.

नोरीन उभी राहिली. देवाच्या नावाने खोटं ती बोलणार नव्हती, आणि सगळ्या गावासमोर नवऱ्याला उघडं पाडणंही तिच्याच्याने होईना. तिचा चेहरा बघून व्हर्जिल पुढे आला.

"तिच्या हातांना काही झालेलंच नाही!" तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या हातांना झालंय. माझ्याने जुन्या पिस्तुलाची स्लाइड ओढवत नाही आणि मी म्हणत होतो स्प्रिंग अडकतेय. सराव तर मी कधीच करत नाही. हे सोपं पिस्तूल मी माझ्यासाठी घेतलं आणि नाव तिचं सांगितलं. नोरीन, चुकलं माझं."

नोरीनने व्हर्जिलच्या पेटीतून त्याचं जुनं पिस्तूल उचललं, तोंड चांदमारीच्या बांधाकडे धरलं आणि स्लाइड खटकन मागे खेचली. एकतीस वर्षं ऑर्गन बडवलेले हात ते. क्लोडीनने हर्शेलकडे मान वळवली.

"बाई गं!" ती म्हणाली, कारण तिला आता भलतंच काहीतरी सुचलं होतं. "हर्शेलनेही गेल्या वर्षी माझ्यासाठी म्हणून एक आणलंय. जांभळ्या मुठीचं. मी त्याला अजून हात लावलेला नाही."

सगळ्यांनी हर्शेलकडे पाहिलं. हर्शेलने दोन्ही हात खिशात घातले.

"आमच्याकडेही आणलंय माझ्यासाठी," मागून एक बाई म्हणाली.

"आमच्याकडेही," दुसरी म्हणाली.

रॉय-डीन घसा खाकरला. "यंदा बायकांसाठी म्हणून अकरा विकली मी. घ्यायला दुकानात एकही बाई आलेली नाही."

मग जो हशा उठला त्यात ब्रदर लायलही सामील झाले. त्या दुपारी व्हर्जिलचं सोपं पिस्तूल सात म्हाताऱ्यांच्या हातांतून फिरलं आणि जो तो सात-सात वेळा स्लाइड ओढून हसत परत देत होता. हॅम हॉलकोमांनी जिंकलं. नोरीनचे नेम चांगले लागलेच, पण व्हर्जिलच्याही पाचही गोळ्या कागदाला लागल्या, आणि हे कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

रविवारी नोरीनने ऑर्गन असा वाजवला की मागच्या बाकांवरचे झोपणारेही जागे झाले. घरी येऊन तिने हॅम कापलं आणि लोणच्याची नवी बरणी नेहमीसारखी व्हर्जिलपुढे ठेवली. व्हर्जिलने झाकणावर पंजा ठेवला आणि रुबाबात झटका दिला. झाकण हललं नाही. त्याने गुडघ्यांत धरून पाहिलं. फडकं गुंडाळून पाहिलं.

"ही कशी उघडेना गं? कालपर्यंत तर सगळ्या पटापट उघडायच्या."

नोरीनने बरणी घेतली, झाकण फिरवलं आणि काकडीची एक फोड त्याच्या ताटात वाढली.

"आजपासून मी ती आधी सैल करून ठेवायचं सोडलंय."

व्हर्जिलने ती फोड काट्याने उलटसुलट करून पाहिली. "कधीपासून ठेवत होतीस?"

"झाली की दोन वर्षं," नोरीन म्हणाली. "झाकणांच्या स्प्रिंगा अडकायला लागल्या, तेव्हापासून."