सिराजचाचांची विलायती पेटी

रिकामी पेटी दाखवा, तिच्यात कोणतं हत्यार राहत होतं ते सांगतो, असं सिराजोद्दीन बेधडक सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचंही. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी मोजमापाची जुनी हत्यारं जमवायला घेतली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज. नुसतं हत्यार त्यांना चालत नसे. ज्या पेटीत बसून ते कंपनीतून आलं, ती मूळ पेटीही हवी. अंबडच्या त्यांच्या घरात पलंगाखाली, कपाटावर, फ्रिजच्या डोक्यावर पेट्याच पेट्या. त्यांच्या बायकोनं, मैमूनाबींनी, एकदा विचारलं होतं, की पाहुणे आले तर त्यांनाही मखमलीत गुंडाळून ठेवायचं का.

या संसारात एकच दुखणं होतं. दोन जुन्या मायक्रोमीटरना पेटी नव्हती. एक लहान, एक जरा मोठा, दोन्ही घोड्याच्या नालासारखे वाकडे. चाचांनी ते मोज्यात घालून ठेवले होते आणि त्याची त्यांना लाज वाटायची.

अशात जांब समर्थला मल्हारीच्या घरी बारशाचं जेवण होतं. मल्हारीचा बाप सोमेश्वर कारखान्यात चाचांच्याच पाळीला असायचा. तो वारला तरी घरोबा राहिला. हात धुऊन चाचा उठले आणि त्यांची नजर फळीवर गेली. तिथं एक छोटी लाकडी पेटी उघडी पडली होती. पितळी कडी, आत हिरवी मखमल, आणि मखमलीत नालाच्या आकाराच्या दोन खाचा. एक लहान, एक जरा मोठी. चाचा फळीशी गेले. पेटी शिसवी, विलायती, सत्तर वर्षांपूर्वीची, आणि दोन मायक्रोमीटरची आहे, हे त्यांनी हात न लावता ठरवून टाकलं. वर्कशॉपमधूनच सोमेश्वरनं कधीतरी आणली असणार. पण भरल्या पंगतीत, वारलेल्या माणसाचं सामान मागायचं कसं? ते तसेच परतले आणि महिनाभर त्यांना नीट झोप लागली नाही.

खंडेनवमीला अंबडच्या एका आयटीआयमध्ये हत्यारांची पूजा आणि जुन्या हत्यारांचं प्रदर्शन होतं. चाचांना बोलायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी थेट जांब गाठलं आणि मल्हारीकडं ती पेटी एक दिवसापुरती मागितली. मल्हारीची आई आसराबाई देवळात गेली होती. मल्हारी कोंबड्यांना दाणे टाकत होता. त्यानं फारसा विचार न करता फळीवरून पेटी काढून दिली. या वेळी ती नाडीनं करकचून बांधलेली होती. चाचांनी कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खडखडलं.

हत्यारं आत आहेत, हे त्यांनी ओळखलं. नाडी सोडायला बोटं शिवशिवत होती, पण त्यांनी सोडली नाही. उद्या सगळ्यांसमोर, न उघडता सांगायचं, मग उघडायचं. अशी संधी पुन्हा यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. चाचांनी पेटी लाल कापडात गुंडाळून आणली होती. ती उंच धरून त्यांनी सांगायला सुरुवात केली. आतल्या वस्तूचा आकार नालासारखा आहे. दोन नग आहेत, एक वर, एक खाली. दोन्ही जबडे एकमेकांवर असे बसतात की मधून उजेड जात नाही. घासूनपुसून गुळगुळीत केलेलं काम आहे, आणि मालकानं रोज वापरलं असलं तरी पकड ढिली झालेली नसणार. पोरं टाळ्या वाजवत होती. चाचांनी नाडी सोडली आणि उघडायचा मान प्राचार्यांना दिला.

प्राचार्यांनी झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. मग चष्मा काढून पुसला.

“चाचा,” ते म्हणाले, “वर्णन अगदी बरोबर आहे.”

आत कवळी होती. वरची आणि खालची, आपापल्या खाचेत.

हॉलमध्ये काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. चाचा खाली बसतात न बसतात तोच मल्हारीचा फोन आला. पेटी उघडली का, असं त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं. उघडली, चाचा म्हणाले.

“मंग तशीच बंद करा आन् जल्दी घेऊन या. मोनिकाला पाह्यला पाव्हणे आलेत. आईचे दात तुमच्याकडं हायेत.”

मल्हारी बिचारा आईची कवळी पाण्याच्या वाटीत असते असं समजून चालला होता. आसराबाई ती रोज लावत नसत. हिरड्यांनीच भाकरी कुस्करून खायच्या आणि कवळी सणासुदीला, चारचौघांत. त्यामुळं पेटी गेल्याचं कळलं ते पाहुणे दारात आल्यावर.

चाचांनी मोटारसायकल काढली आणि जांबला जायला घनसावंगीचा रस्ता धरला. इकडं मल्हारीच्या ओसरीवर वेगळंच चाललं होतं. पाहायला आलेला मुलगा परमेश्वर आणि त्याचे चुलते रामराव समोर बसलेले. त्या घरात शेवटचा शब्द आजीचा, हे त्यांना माहीत होतं, म्हणून रामराव प्रत्येक गोष्ट आसराबाईंना विचारत होते. त्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मल्हारीची लेक मोनिका नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि परीक्षेआधी लग्न नको, हे तिनं फक्त आजीच्या कानात सांगितलं होतं. आसराबाईंनी शब्द दिला होता. आता शब्द होता, दात नव्हते.

दिवाळी झाली की उरकून टाकू, रामराव म्हणाले. आसराबाई पदराआडून कळवळून म्हणाल्या, “पयी खा... पयी खा...”

रामरावांना ते ‘पुरी खा’ असं ऐकू आलं. म्हातारीचा आग्रह मोडवेना म्हणून त्यांनी पुरी घेतली. थोड्या वेळानं तारखेचा विषय निघाला, आसराबाई पुन्हा तेच म्हणाल्या. रामरावांनी पुन्हा पुरी घेतली. त्या मान हलवून नको नको करायच्या, तर ते म्हणायचे, आजी, तुम्ही म्हणता म्हणून घेतो. मल्हारीला वाटत होतं, आई दातांपायी रागावली आहे, म्हणून तो तिच्या जवळपास फिरकत नव्हता. बैठक सुपारी फोडण्यापर्यंत आली. आतल्या खोलीत मोनिकाच्या हातातला चहा गार झाला.

तेवढ्यात चाचा पोचले. डोक्यावर धूळ, हातात लाल कापडात गुंडाळलेली मखमली पेटी. रामरावांनी त्यांना पाहिलं आणि ते गंभीर झाले.

“सोनार बोलावला का काय? मल्हारीराव, आपली काही मागणी न्हाई. डागिने दाखवू नका.”

“मागणीचं न्हाई,” मल्हारी घाम पुसत म्हणाला. “आईचंच हाये. चारचौघांत वापरायचं.”

आसराबाईंनी पेटी झडप घालून घेतली आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदर खांद्यावर होता आणि चालही बदलली होती. त्या रामरावांच्या समोर जाऊन बसल्या.

“माझी नात नर्सिंगला हाये. परीक्षा झाल्याबिगर लगीन न्हाई. मघापासून परीक्षाच म्हणून राह्यले मी. पटत असंल तर सुपारी फोडा. न्हाई पटलं तर पुऱ्या तेवढ्या पोटभर खाल्ल्यात तुमी.”

रामरावांनी पोटावरून हात फिरवला. ते काही बोलणार इतक्यात परमेश्वरच म्हणाला, की त्याला चालेल, परीक्षा होऊ द्या. चुलत्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग उरलेल्या पुऱ्यांकडं पाहिलं, आणि सुपारी मागवली. आतून कपबशी जोरात ठेवल्याचा आवाज आला. मोनिकानं चहा पुन्हा उकळायला ठेवला होता.

पाहुणे गेले. पेटी फळीवर रिकामी होती. चाचांना राहवेना. त्यांनी खिशातून मोजा काढला, मोज्यातून मायक्रोमीटर काढला आणि खाचेत ठेवून पाहिला. बसेना. तिरका करून पाहिला. तरी बसेना.

आसराबाई बघत होत्या. त्यांनी विचारलं, भाऊजी, काय करून राह्यलात? चाचांनी सगळं सांगितलं. शिसव, विलायत, सत्तर वर्षं. आसराबाईंनी ऐकून घेतलं.

“भाऊजी, त्ये बाभळीचं हाये. तीर्थपुरीच्या वसंता सुतारानं करून देल्तं. उंदरानं पहिली कवळी नेली, म्हणून. मखमल माझ्या चोळीची हाये.”

चाचांनी मायक्रोमीटर परत मोज्यात घातला.

अंबडला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मैमूनाबींनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की भाषण ठीक झालं. पण आयटीआयच्या पोरांनी व्हिडिओ काढला होता, आणि तो त्यांच्या आधी घरी पोचला होता. पुढच्या आठवड्यात तीर्थपुरीहून एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला. जबड्यांमधून उजेड जायला नको, हे तुम्ही फार छान समजावून सांगितलंत, ते अदबीनं म्हणाले. आमच्या मातोश्रींची खालची कवळी जरा हलते. बुधवारी घेऊन आलो तर चालेल का?

चाचांनी राँग नंबर म्हणून फोन ठेवला. मग जरा विचार करून पुन्हा लावला, आणि नेमकी किती हलते ते विचारलं.