लाथेची शास्त्रशुद्ध नोंद

मजुरी स्वस्त असेल तिथे कारखान्याने जावे आणि कामगाराने आहे तिथेच अभिमानाने उभे राहावे, हा उद्योगाचा मूलभूत नियम आहे. त्यानुसार बटणांचा कारखाना आजवर तीन गावांतून उठला होता. (प्रत्येक गावात तो 'कायमचा' आला होता.) आता तो चौथ्या गावातून निघाला, तेव्हा चारशे बारापैकी चारशे अकरा कामगारांना निरोपाची पत्रं मिळाली. उरले एकटे फिटरमामा.

मामांचं महत्त्व त्यांच्या डाव्या पायात होतं. मोठा प्रेस रोज दोनदा अडून बसे. मामांनी मागून, गंजक्या झाकणाखाली एक लाथ घातली की मुकाट चालू लागे. लाथ मारीन तिथे पाणी काढीन म्हणणारे पुष्कळ असतात. मामा एकतीस वर्षं बटणं काढत होते.

"ही लाथ आहे तोवर आपल्याला काळजी नाही," ते मामींना म्हणत. मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती.

"मग ती कुणाला दाखवू नका म्हणजे झालं," मामी म्हणाल्या.

साहेबांनी जबरदस्ती मुळीच केली नाही. मामांना केबिनमध्ये बसवलं, चहा दिला (बशीसकट) आणि एक वहीवाली बाई पाठवली.

"मामा, तुमच्याइतकं हे मशीन कुणालाच कळत नाही हो," बाई म्हणाल्या.

एकतीस वर्षांत हे कोणीच म्हटलं नव्हतं. मामा विरघळले. त्यांनी लाथ दाखवली, पुन्हा दाखवली, आणि झाकणापासून चार बोटं उजवीकडे मारायची हे गुपितही न विचारता सांगून टाकलं.

बाईंच्या अहवालाच्या परिशिष्टात नोंद झाली : 'आघात मध्यम. पाय डावा. उंची बावीस इंच. राग ऐच्छिक.'

सोमवारी प्रेस गेला. मंगळवारी चारशे बारावं पत्र आलं. नव्या गावी ती लाथ दोन वर्षं एक माणूस निम्म्या पगारात मारत होता. आता लोखंडी पाय मारतो. (त्याला चहा लागत नाही, ही बचत अहवालात वेगळी दाखवली आहे.)

मामा हल्ली घरात जपून पाय टाकतात. मुलीने कॉलेज सोडून नोकरी धरली. ऑफिसाऑफिसांत जायचं, माणसांशेजारी बसायचं आणि ती काम कसं करतात ते वहीत उतरवायचं. पोरगी बोलायला फार गोड आहे. परवा तुमच्या टेबलाशी येऊन, "तुमच्याइतकं हे काम कुणालाच कळत नाही," असं म्हणाली ती हीच. तुम्ही लगेच तिच्यासाठी खुर्ची ओढलीत, चहाही सांगितलात, असं तिने घरी कौतुकाने सांगितलं.