खांदेकऱ्यांचा भाव

अड्याळच्या स्टँडवर परगावचा कोणी माणूस उतरला की डोमाजी त्याला चहा पाजत. मग विचारत, "तुमच्या शहरात तांदूळ कसा? खोलीचं भाडं? दूध?" पाहुणा खुशीत येऊन सांगू लागे. शेवटच्या प्रश्नाला मात्र त्याला ठसका लागे. "अन् तिथं खांदेकरी कितीले भेटते जी?"

मयताला खांदा देणारी माणसं शहरात भाड्याने मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसे. काही जण अर्धा कप ठेवून उठत.

डोमाजी धान खरेदी केंद्रावर वजनकाट्यावर होते. अंदाज त्यांना खपत नसे. "काटा बोलला पाहिजे," हे त्यांचं पालुपद. एखाद्या शेतकऱ्याने पोत्याचं वजन आधीच सांगून टाकलं, तर ते पोतं मुद्दाम सर्वांत शेवटी चढे. बाजारातून आणलेली वांगीही ते घरी पुन्हा तोलत आणि मगच बायकोच्या, यशोदाबाईंच्या, हाती देत.

आणीबाणी नुकतीच उठली होती. यशोदाबाईंच्या हृदयाची झडप बिघडल्याचं त्या वर्षी निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठं इस्पितळ जवळ असेल अशा शहरात बिऱ्हाड करा. झटका आला तर खेड्यातून आणायला वेळ मिळणार नाही. मूलबाळ नव्हतं. घर विकून कुठेही जाता आलं असतं. डोमाजींनी शहरं तोलायला घेतली.

मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि त्यांच्या शेजारी राहत होतो. कामाला निघालो की ते फाटकात उभे. "पेपरवाले भाऊ, पुण्याले जाऊन राहिले ना? भाव घेऊन येजा. अन् ते शेवटचं बी."

पुण्यात सुके झिंगे मिळेनात, म्हणून पुणे बाद झालं. नाशकात तांदूळ महाग. अमरावतीला पाण्याचे हाल. नागपूर सगळ्या हिशेबात बसलं, तेव्हा त्यांनी नागपूरचे भावच खोटे ठरवले. "पावसाळा सरू द्या. पुन्हा तोलू."

एकदा मी चिडलो. "डोमाजी, वहिनींना दोन पावलांत धाप लागते. आणखी काय तोलायचं राहिलं?"

आतून यशोदाबाईच बोलल्या. "तोलू द्या न भाऊ. तोलता तोलता माहंच वजन कमी होऊन राहिलं. तेवढीच खांदेकऱ्यायची सोय!"

मी हसलो. डोमाजी चपला घालून बाहेर निघून गेले.

मग यशोदाबाईंनी मला सांगितलं. नागपूरच्या इस्पितळात शेजारच्या खाटेवरची बाई वारली. सोबत नवरा एकटाच, तोही परगावचा. त्याने फाटकाबाहेरून चार माणसं बोलावली. ती मयतापाशी उभी राहूनच पैशांची घासाघीस करत होती. "ठेसनावरचं गाठोडं उचलते, तशी उचलली जी तिले. हे पाहून राहिले होते. घरी येऊन मले म्हणते, तुले असं नाही नेऊ देणार. आता सांगा, तो भाव यायले पटन का कोणत्या शहरात?"

"आणि तुम्हाला? तुम्हाला काय वाटतं?"

"मले अजून जगावं वाटते," त्या म्हणाल्या. "पण यायले कसं सांगू?"

धानाची कापणी चालू असताना त्यांना झटका आला. भंडाऱ्याला न्यायला जीप मिळेपर्यंत त्या गेल्या. डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं.

गावच्या रीतीप्रमाणे घरटी एक लाकूड आणि एक माणूस आला. लोक धानाच्या बांधीतून थेट आले होते, पायांचा चिखल तसाच. खांदा द्यायला इतके पुढे झाले की म्हाताऱ्यांना मागे सारावं लागलं. डोमाजी दारात उभे राहून येणारं प्रत्येक लाकूड पाहत होते.

संक्रांतीनंतर त्यांनी घर विकलं आणि नागपूरला खोली घेतली. मी त्यांची पेटी घेऊन स्टँडवर गेलो. आदल्याच आठवड्यात मी नागपूरला होतो. सवयीने भाव विचारून आलो होतो. तांदळाचा, दुधाचा सांगितला. ते मान हलवत राहिले. शेवटचा सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"राहू द्या जी. तो तिच्यासाठी विचारत होतो. मले कोणीही उचललं तरी चालते."