नवशिक्याला कुठली बरी?

आमच्या औंधात कुणाच्या घरी पाहुणा भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसला, की समजावं, सुभेदार आप्पांनी तिथल्या कॉम्प्युटरवर नवी लिनक्स टाकली आहे.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. तिचे प्रकार ढीगभर, आणि त्यातली नवशिक्याला कुठली बरी, या एका प्रश्नापायी आप्पांनी अख्खी गल्ली वेठीला धरली आहे. फौजेत सिग्नलमध्ये होते. निवृत्तीनंतर त्यांनी खुर्चीला पाठ टेकलेली कुणी पाहिलेली नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर निम्मं वर जातं न जातं, तोच आप्पा खालून आत. गळ्यात पेनड्राइव्ह.

एकदा मिंट नावाची टाकून गेले. जरा हात बसतोय तोवर उबुंटू. आणि नियम असा, की त्यांना काही विचारायचं नाही. मी प्रिंटर शोधतोय, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणतात, "मी न्हाई आसं समज." मी अडलो की "ही बी न्हाई" म्हणून उठतात आणि दुसऱ्या दिवशी तिसरीच घेऊन हजर. माणूस आहे की भोवरा, कळत नाही.

शेवटी वैतागून विचारलं, आप्पा, माझ्या विंडोजनं तुमचं काय घोडं मारलं होतं? तेव्हा ते माझ्याकडे वळले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचं काही धड सांगितलेलं नव्हतं. मुलगी कॅनडात. आप्पांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, मोबाइलवरचं दिसत नाही, आणि घरातला मोठ्या पडद्याचा जुना कॉम्प्युटर फक्त लिनक्सवरच बरा पळतो.

"माज्या माघारी तिला पोरीशी बोलाय कुनाच्या दारात जायला लागू नये," आप्पा म्हणाले.

त्यानंतर मी कुरकुर केली नाही. आम्ही सगळे त्यांच्या चाचणीचे गिनीपिग. खरी परीक्षा काकींची, आणि काकी दर वेळी नापास.

परवा त्यांच्या घरी कागद द्यायला गेलो. आप्पा दळण आणायला गेले होते. काकी एकट्याच कॉम्प्युटरपुढे, पडद्यावर लेक हसत होती. बोलणं झाल्यावर काकींनी सगळं सराईतपणे बंद केलं. मी थक्कच झालो. आप्पांना सांगा की, किती खूश होतील, असं म्हणालो.

"सांगू नगंस, बाळा. मला कवाच आलंय." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "पर आलं म्हनलं की ह्यांचा घोर मिटंल. त्या घोरावरच तर चालल्यात ते. घोर मिटला आन ह्ये सैल पडलं, तर मी काय करू?"

तेवढ्यात दळणाचा डबा दारातच ठेवून आप्पा आत आले. नवी घावलीय, लय सोपी हाय, म्हणाले, आणि बसायच्या आधीच पेनड्राइव्ह काढू लागले.

काकींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चेहरा अगदी बावळट केला.

"आवं," त्या म्हणाल्या, "पोरीला फोन लावायचं बटन कुठं म्हनला हुता?"