जादा गाडी

आमच्या शेजारचे तात्या पानावर बसले की आधी गोळी गिळत, मग अन्नाला नमस्कार करत. "आधी गोळी, मग पोळी" हे त्यांचं ब्रीद. खिशात पेन नसे, पण पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असे. बारशाला गेले तरी ती बडीशेपेसारखी चारचौघांपुढे फिरवत.

तात्या पोलादपूर एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, घोषणा सुटल्या नाहीत. "पित्त आंबेनळी घाट चढतंय," असं जेवणानंतर जाहीर करत. ढेकर मात्र वेळेवर येई. गाड्यांचं तसं कधी ऐकलं नव्हतं.

मी त्यांना टाळायची. इंग्रजी शाळेतली म्हणून ते मला गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचायला लावत. "फार दिवस घेऊ नये" इथपर्यंत आले की कागद काढून घेत. "पुरे गो. डोळे बिघडतील."

एकदा त्यांचे पाय सुजले. रिपोर्ट वाचायला म्हणून मलाच महाडला नेलं.

"दोन आठवड्यांसाठी दिलेली गोळी नऊ वर्षं घेताय?" डॉक्टर म्हणाले.

"जादा गाडी होती, साहेब. गर्दी बघून कायम केली."

डॉक्टर हसले नाहीत. "या गोळीनं काहींच्या किडनीला सूज येते. तुमच्या आलेली दिसते. आजपासून बंद. पण एवढं पित्त होतं कशानं?"

"खानदानी हाय," तात्या छताकडे बघत म्हणाले.

परतीच्या गाडीत ते रिपोर्ट उलटसुलट करत होते. मला वाटलं, किडनीची धास्ती. महाड मागे पडल्यावर म्हणाले, "टायफॉइडपासून तुझ्या काकूच्या जिभेला चव नाय गो. लागेपर्यंत मिरची घालत ऱ्हाते. लोक जेवायला येईनासे झाले, तिला वाटतं कामात असतील. आता गोळीशिवाय ताट कसं संपवू? आणि उरलं तर तिला काय सांगू?"

काकू दारातच उभ्या. "काय लिवलंय त्यात?"

रिपोर्टवर नुसते आकडे होते. वर्गात हजेरीलाही पुटपुटणारी मी, खणखणीत वाचलं, "नो चिली. ॲब्सोल्यूटली नो चिली. म्हणजे किडनीसाठी मिरची बंद, काकू. गोळीसुद्धा."

काकूंनी कागद हातात घेतला. "किडनीमुळं गोळ्या गिळत होते होय? मला मेलीला वाटायचं, माझ्याच हाताचं काय बिघडलं."

त्यांनी दहीभात वाढला. तात्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि परत आला. पहिला घास घेऊन त्यांनी घोषणा केली, "तुझा हात तोच हाय."