शिवानीचं विमान आणि दानम्मांची भाकरी

"सॅन फ्रान्सिस्को काय लई लांब न्हाई!" लातूरच्या गंजगोलाईतले कापडवाले बसवंतअप्पा भल्या पहाटे छाती फुगवून म्हणाले. "तिकिटावर छापलंय की! दिल्लीहून चारला सुटतंय, साताला तिथं. तीन तास! आपली नांदेडची एसटी बी तेवढाच वेळ खाती."

लेक शिवानी तिकडं दोन वर्षं शिकायला निघाली होती, तीही पहिल्यांदाच विमानानं. आईचा, दानम्मांचा, जीव टांगणीला लागला होता. पण तीनच तास म्हटल्यावर त्यांनी देवापुढं शब्द देऊन टाकला, "पोरीचा फोन आल्याबिगर अन्नाचा कण घेणार न्हाई!"

सात वाजले. फोन नाही. नऊ झाले तरी नाही! "सामान उतरवत असतील," म्हणून अप्पांनी वेळ मारून नेली. एवढ्यात दानम्मांचे भाऊ शंकरप्पा नांदेडहून सकाळच्या एसटीनं येऊन टेकले.

"दाजी, म्या पोचलो, आन् पोरगी अजून न्हाई?"

शंकरप्पांनी मोबाइलवर विमान शोधलं आणि किंचाळलेच, "दाजी! हे तर चीनवर हाय!"

"चीन? अवो, अमेरिका डावीकडं हाय!"

अप्पा शिवानीच्या खोलीतल्या जगाच्या नकाशाकडं धावले. दिल्लीच्या डावीकडं अमेरिका, उजवीकडं चीन. विमान उजवीकडंच पळत होतं! दुपारी ते जपान ओलांडून समुद्रावर गेलं आणि नकाशाच संपला. पुढं नुसती भिंत!

"डायवर वाट चुकला!" अप्पांना दरदरून घाम फुटला.

तिकडं दानम्मांचे हात थरथरायला लागले. शुगरचा आजार, त्यात पोट रिकामं. अप्पा भाकरीचं ताट घेऊन मागंमागं फिरत होते.

"दोन घास खा की गं."

"न्हाई. तुम्ही तीन तास म्हणलात म्हणूनच देवाला बोलले मी!"

घाबरून अप्पांनी तिकीटवाल्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "अप्पा, साताला म्हंजे तिथल्या साताला! पंधरा तासाच्या वर लागतात. आन् पृथ्वी गोल हाय, चीनकडूनबी अमेरिकाच येती."

विमान सापडलं, पण आता हे दानम्मांना सांगायचं कुणी? अप्पांनी दारात उभं राहून, खाली मान घालून सांगितलं. दानम्मांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यापेक्षा चीन बरा! शेवटी शंकरप्पांनीच तोड काढली. "अक्का, शब्द अन्नाचा दिलाय ना? मग गूळपाणी चालतंय!"

गूळपाण्याच्या दोन पेल्यांवर दानम्मांनी संध्याकाळ गाठली. दिवेलागणीनंतर फोन वाजला. "आई, पोचले गं!"

दानम्मा आधी रडल्या, मग जेवल्या. अप्पाही बाजूला बसून जेवले. शेवटचा घास घेता घेता दानम्मांनी हळूच विचारलं, "अवो, तिथून परत यायला किती येळ लागतो?"

अप्पांनी घाईनं तोंड उघडलं, मिटलं. मग ताटाकडं बघत म्हणाले, "दोन वर्षं."

दिवसभरात त्यांचा तेवढा एकच आकडा बरोबर होता.